वाळ्याची ताटी आणि चुळबुळ्या चिप

अकोल्यात राहून गेमिंगचं मशीन जोडणाऱ्या बाईला दोन्हीकडून बोलणी बसतात. पुण्यातले गेमर विचारतात, मे महिन्यात तुमच्याकडे आधी मशीन वितळतं की तुम्ही? आणि अकोल्यातले नातेवाईक विचारतात, सत्तावीस पूर्ण झाली, कापसाच्या प्रयोगशाळेत बरी नोकरी आहे, आता हे डबे उघडून बसणं कधी थांबवणार? दोघांनाही मी आजवर काहीच उत्तर दिलं नाही. यंदाच्या मे महिन्यात मात्र उत्तर सापडलं, आणि ते अजून माझ्या अंगात मावत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात झाली मार्चमध्ये, 'तोरणा'ची यादी आली त्या सकाळी. 'तोरणा' हा पुण्याचा संघ, 'रानवाट' हा गेम खेळणारा. पाच जणांच्या या संघात एक जागा रिकामी झाली होती आणि त्या एका जागेसाठी शेवटी दोघंच उरलो होतो. एक मी, प्रांजली खंडारे, आणि दुसरा पुण्याचाच निहार दाते. मेच्या तिसऱ्या रविवारी आम्ही एकमेकांशी तीन डाव खेळायचे होते. दोन जिंकेल त्याची जागा. वयाची अट अठ्ठावीसची, त्यामुळे माझ्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी होती.

'रानवाट'च्या स्पर्धेत नुसतं खेळता येऊन भागत नाही. मशीन ज्याचं त्याने जोडायचं. यादीत चारशेच्या वर सुटे भाग असतात, प्रत्येकाला गुण दिलेले, आणि तुमच्या भागांची बेरीज शंभर गुणांच्या वर जाता कामा नये. शिवाय सगळं मिळून मशीनने भिंतीतल्या प्लगमधून तीनशे वॅटच्या वर वीज ओढायची नाही. थंड करायला पंखा लावलात, गरम करायला हीटर लावलात, तर तोही त्या तीनशेतच. निवड एकदा कळवली की बदलता येत नाही. त्यामुळे खरा पहिला डाव त्या यादीवरच खेळला जातो.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मलाही ते कापूस तपासता तपासताच समजलं आहे.

'रानवाट'मध्ये एक जंगल असतं आणि त्यात हरवलेलं बिबट्याचं पिल्लू. ते ज्याच्या तळावर आधी पोहोचेल तो जिंकला. हे जंगल कुठेही साठवलेलं नसतं. पिल्लू आता डावीकडे वळेल का, वारा फिरला तर वानरं ओरडतील का, नाल्याला पाणी येईल का, अशा लाखो शक्यता तुमचं मशीन दर क्षणाला चाचपून बघतं आणि त्यातून जंगल तुमच्यासमोर उभं राहतं. चाचपणी कमी पडली की मशीनला जे ठरवता आलं नाही तिथे धुकं दिसतं. ज्याच्या पडद्यावर धुकं जास्त, तो आंधळा.

जुन्या चिपना हे झेपत नाही. त्या हिशेबाला पक्क्या, पण अंदाज बांधायला मंद. म्हणून चार वर्षांपूर्वी नवीन चिप आली. तिचं कंपनीतलं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, बाजारात तिला चुळबुळ्या म्हणतात. तिच्यात लोहचुंबकाचे अब्जावधी कण असतात, इतके बारीक की नुसत्या उष्णतेने ते एका जागी स्थिर राहू शकत नाहीत, सारखे वर-खाली उलटतात. एक कण उलटला म्हणजे एक नाणं उडवून झालं. छाप का काटा, तेवढंच. बारीकसा विद्युतप्रवाह देऊन त्या नाण्यांना हवं तिकडे थोडं झुकवता येतं, आणि अशी अब्जावधी नाणी एका वेळी उडाली की शक्यतांची चाचपणी आपोआप होते. नाणी उडवायला वीज लागत नाही, ते काम उष्णता फुकट करते. त्यामुळे ही चिप स्वतःहून तापतही नाही.

आणि इथेच खरी गंमत आहे. चिप जितकी गरम, तितकी नाणी भराभर उडतात. थोडीथोडकी नव्हे, दर काही अंशांना वेग दुप्पट होतो. पंचवीस अंशांवर ती पेंगते, पासष्टला धावत सुटते. पण तिच्या शेजारी जी मेमरी बसवावी लागते ती पन्नासच्या वर गेली की चुका करायला लागते आणि मशीन बंद पडतं. एकीला ऊब हवी, दुसरीला गारवा, आणि दोघी बोटभर अंतरावर.

पुण्यातली पोरं खोली वीस अंशांवर ठेवायची आणि चिपला छोटा हीटर लावायची. यादीतली सगळ्यात मोठी चुळबुळ्या अठ्ठावन्न गुणांची होती, पण ती तापवायला हीटरच दीडशे वॅट खायचा, मग बाकीच्याला उरणार काय? म्हणून तिला कोणी हात लावत नसे. सगळे मधली चिप घेत. मी यादी वाचत होते तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, मार्च सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते आणि खिडकीचा लोखंडी गज हाताला चटका देत होता. मी त्या गजाकडे बघितलं. परत यादीकडे बघितलं. 

अठ्ठावन्नची चिप. बावीसची मेमरी, वेगवान पण नाजूक. बाराचा बोर्ड. आठ गुणांचा वीजपुरवठा, साधा. झाले शंभर. पाचवी वस्तू कॅबिनेट, आणि त्याच्यासमोर यादीत लिहिलं होतं की घरी बनवलेलं चालेल, पंख्यांसकट, गुण शून्य. आमच्या घरी कॅबिनेट बनवणारा माणूस होताच. पाच मिनिटांत निवड कळवून टाकली.

बाबांचं जठारपेठेत 'खंडारे कूलर' नावाचं दुकान आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याची पेटी करायची, पंखा आणि पाण्याचा पंप बसवायचा, हे ते चाळीस वर्षं करत आले आहेत. आता घरोघरी एसी झाल्यामुळे काम निम्म्यावर आलं आहे, पण ते मान्य करायला ते तयार नाहीत. एसीच्या हवेने हाडं धरतात, असं ते एसी असलेल्या माणसाच्या तोंडावर सांगतात.

मी त्यांना कागदावर आकृती काढून दिली. पत्र्याची पेटी, आत आडवा पडदा टाकून दोन कप्पे, मधून हवा जायला भोक. वरचा कप्पा बाहेरून काळा रंगवायचा. कूलर बसवतो तशी ही पेटी माडीवरच्या पश्चिमेच्या खिडकीत, बाहेरच्या स्टँडवर अर्धी बाहेर अर्धी आत बसवायची. काळा कप्पा उन्हात, त्यात चिप. सावलीतल्या कप्प्यात मेमरी. दोन छोटे पंखे खोलीतली हवा मेमरीवरून ओढतील आणि ती मधल्या भोकातून चिपच्या कप्प्यात जाऊन बाहेर पडेल.

काळा कशासाठी, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, तसाच लागतो. खरं सांगायचं तर मला ते समजावून सांगायचा कंटाळा आला होता. आणि त्याहून खरं सांगायचं तर वाटलं, ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना गारवा विकला त्याला कुठे सांगत बसायचं की माझ्या मशीनला ऊन पाहिजे? त्यांना समजणार नाही, असं मीच ठरवून टाकलं. शिकलेल्या पोरींना हा एक रोग असतो.

त्यांनी पुढे एकच गोष्ट विचारली.

"तुही निवड झाली तं पुन्याले जा लागन?"

मी म्हटलं हो, संघ तिथेच राहतो, तिथेच सराव करतो. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि चौथ्या दिवशी पेटी आणून दिली. सगळ्या कडा आत दुमडलेल्या, कुठे हाताला पत्रा लागणार नाही अशा. दोन्ही बाजूंना धरायला कड्याही होत्या, त्या मी काही सांगितल्या नव्हत्या.

एप्रिल झकास गेला. बाहेर बेचाळीस, काळ्या कप्प्यात चिप साठावर, आणि पडद्यावर जंगल असं लख्ख की पानावरची मुंगी दिसावी. प्रयोगशाळेतून आले की मी धावत माडी चढायची. आई म्हणायची, एवढ्या घाईने कोणी सासरीही जात नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पारा शेहेचाळीसवर गेला आणि माझा हिशेब चुकला. खोलीतलीच हवा इतकी तापली की मेमरीला गारवा द्यायला काही उरलं नाही. डावाच्या आदल्या दिवशी दुपारी सरावात मशीन दोनदा बंद पडलं. मी खाली येऊन ताटावर बसले, पण बोटाने ताटातच हवेचा मार्ग आखत राहिले. आईने विचारलं काय झालं, तर मी एवढंच म्हटलं, "गरम झालं की बंद पडतं." आणि उठून गेले. संध्याकाळपर्यंत माझी योजना तयार होती, ती म्हणजे देवावर हवाला.

बाबांनी ते वाक्य ऐकलं होतं.

रविवारी बरोबर साडेबाराला पहिला डाव सुरू झाला. पुण्याहून 'तोरणा'च्या प्रमुख सायली कर्णिक पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होत्या, मशीनवर आणि माझ्यावर एकेक कॅमेरा होता. पहिली दहा मिनिटं माझं रान निहारच्या रानापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. मी पिल्लाचा माग काढला, ते नाल्याकाठी पाणी पिताना दिसलंसुद्धा. आणि मग दूरची झाडं पुसट झाली. आधी वाटलं माझ्या डोळ्यांत घाम गेला. डोळे पुसले तर धुकं नाल्यापर्यंत आलेलं. चिपचं तापमान बघितलं. बासष्टवरून चौपन्न. मग सत्तेचाळीस. चाळीस.

माझ्या मानेला गार वारा लागत होता आणि खोलीभर वाळ्याचा वास सुटला होता.

मी मान वळवली. दक्षिणेच्या खिडकीत नवा कोरा कूलर बसवलेला होता, पहाटे मी झोपलेली असताना बसवला असणार, सकाळपासून माझं डोकं मशीनमध्येच होतं म्हणून दिसला नाही, आणि आता बाहेरून शिडीवर उभं राहून बाबांनी तो चालू केला होता. पोरीला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून. पॅडसुद्धा साधं नाही, वाळ्याचं. खोली अठ्ठावीसवर आली होती, माझे दोन्ही पंखे ती गार ओली हवा इमानेइतबारे ओढत होते आणि थेट चिपवर नेऊन सोडत होते. पडद्यावर नुसतं पांढरं. चार मिनिटांत निहारने पिल्लू नेलं.

मी ओरडले. जे बोलले ते सगळं लिहीत नाही, लिहायची लाज वाटते. तुम्हाला कोणी सांगितलं होतं, हे तर बोललेच, पण तुम्हाला काय कळतं, हेही बोलले. बाबांनी शिडीवरूनच हात घालून कूलर बंद केला.

"तूच म्हनत होती ना बाई, गरम झालं का बंद पडते."

ते रागावले नव्हते. त्यांचा चेहरा पडला होता आणि ते पाहून माझा राग ओसरला. दोन महिन्यांत जे सांगितलं नव्हतं ते मी तीन मिनिटांत सांगितलं, रडत रडत. की चूक त्यांची नाही, माझी आहे. की मशीन गरम होऊन बंद पडतं हे अर्धंच खरं, त्यातल्या एकाला गरमच पाहिजे. चुंबकाचे कण, नाणी, चुळबुळ, सगळं. त्यांना समजणार नाही असं मी ठरवलं होतं ना? ते शिडी उतरून आत आले, पेटीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले,

"म्हंजे लाह्यासारखं. कढई थंडी असन तं दाने उडतच नाईत."

मी म्हटलं, हो, अगदी तसंच.

"आन् थंड कोन्त्याले पायजे?"

मी मेमरीवर बोट ठेवलं. त्यांनी दोन्ही कप्प्यांत हात घालून पाहिला, मधल्या भोकाला बोट लावलं, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं ते नवशिक्या मिस्त्रीकडे बघतात.

"मंग दोघाईची हवा एक काऊन केली?"

कापसाच्या प्रयोगशाळेतल्या पदवीधर बाईने आपली आकृती मनातल्या मनात फाडून टाकली.

दुसऱ्या डावाला पंचावन्न मिनिटं होती. बाबा म्हणाले पहिले तर हे भोक बुजव. माझ्या पिशवीत प्रयोगशाळेतला नमुन्याचा कापूस होता, लांब धाग्याचा, उत्तम प्रतीचा. तो मी भोकात दाबून भरला. कापसाइतकी ऊब धरून ठेवणारं दुसरं काय मिळणार? आता चिप आपल्या काळ्या कप्प्यात एकटी, उन्हाच्या स्वाधीन. उरली मेमरी. तिच्यावर कूलरचा झोत सोडावा तर नियम आडवा येत होता, माणसाला गारवा देणारा कूलर चालतो, पण मशीनकडे वळवला की त्याचे वॅट धरले जातात. तीनशेत तो बसणं शक्य नव्हतं.

बाबांनी खिडकीबाहेर हात काढला. दुपारी पश्चिमेकडून झळा येतात, अंगावर आल्या की चामडी सोलून निघाल्यासारखं वाटतं. तो वारा त्यांनी तळहातावर जोखला.

"हे तुह्या मीटरात धरतेत का?"

मी म्हटलं, वाऱ्याला कोण मीटर लावणार?

मग मला कळलं त्यांच्या डोक्यात काय आहे. वीज येण्याआधी, कूलर म्हणजे काय हे कोणाला माहीत नसताना, माझे पणजोबा कचेरीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून द्यायचे. वाळ्याची मुळं बांबूच्या चौकटीत विणायची, वर पाणी शिंपडायचं, बाहेरच्या झळा त्यातून आत आल्या की पाणी वाळता वाळता हवेची ऊब काढून घेतं आणि आत गार वारा येतो. पंखा नाही, पंप नाही, वीज नाही. आमच्या घराण्याचा हा मूळ धंदा. बाबांनी नव्या कूलरचं वाळ्याचं पॅड उचकटून काढलं. वीस मिनिटांत त्याची ताटी झाली आणि खिडकीच्या उरलेल्या अर्ध्या भागात उभी राहिली. पत्र्याचा एक तुकडा नरसाळ्यासारखा वाकवून त्यांनी तिचा वारा मेमरीच्या कप्प्याकडे वळवला. माझे दोन्ही पंखे काढून टाकले. त्यांचे बारा वॅट मोकळे झाले ते मी चिपच्या प्रवाहाला दिले.

सायली मॅडमनी पुण्याहून विचारलं की हे काय चाललं आहे. मी कॅमेरा ताटीकडे फिरवला. त्यांनी नियमावली उघडली, पंचांशी बोलल्या, आणि यात कुठेही वीज नाही म्हणून चालेल असं सांगितलं. त्यांच्या आवाजात हसू होतं.

राहिलं पाणी. ताटी दर दोन मिनिटांनी भिजवायला लागते, आणि आमच्याकडे नळ सहाव्या दिवशी येतो. तो सहावा दिवस उद्या होता. माडीवरच्या ड्रमच्या तळाला वीतभर पाणी उरलेलं. आईने पदर खोचला, तांब्या घेतला आणि ताटीपाशी स्टूल टाकून बसली. पोरीचा खेळ म्हणजे काय असतो ते तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, तू तुझं बघ, मी पाण्याचं बघते.

दुसरा डाव दोनला. चिप पासष्ट, मेमरी चौतीस. मी असं जंगल आधी कधी पाहिलं नव्हतं. वारा कुठल्या फांदीवरून येतो आहे ते दिसत होतं. निहार चांगला खेळतो, मनापासून सांगते, त्याचे डोळे तेज आहेत. पण तो धुक्यात खेळत होता आणि मी उन्हात. अकराव्या मिनिटाला पिल्लू माझ्या तळावर आलं. एक-एक.

तिसरा डाव साडेतीनला लागला तेव्हा बाहेर शेहेचाळीस पूर्णांक दोन होतं आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. या वेळी निहार सावध होता. त्याने पिल्लाचा पाठलाग सोडला आणि माझ्याच मागावर राहिला, माझी नजर वापरायची म्हणून. हुशारच. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. पिल्लू करवंदीच्या जाळीत शिरून बसलं. मागे ड्रममध्ये तांब्या खरवडल्याचा आवाज आला, मग तो आवाजही थांबला. मेमरी चाळीस. चव्वेचाळीस. ताटी वाळत चालली होती. सत्तेचाळीसला पडद्याचा एक कोपरा थरथरला. मला मागे वळता येत नव्हतं.

बाबा जिना उतरून गेल्याचं ऐकू आलं. परत आले ते स्वयंपाकघरातला माठ उचलून, आख्खा. घरातलं प्यायचं शेवटचं पाणी. आई बाजूला सरकली. बाबांनी माठ ताटीच्या वरच्या कडेवर टेकवला आणि सावकाश कलता केला, सगळा वाळा वरून खालपर्यंत काळा होईतो. त्या पाण्याचा वास खोलीत पसरला आणि मेमरीचा आकडा खाली पळायला लागला.

त्रेचाळीस. एकोणचाळीस. पस्तीस.

चिप सहासष्टवर होती. करवंदीच्या जाळीत मला पिल्लू दिसलं, आणि त्याच्याभोवती पुसटसे त्याचे पुढचे रस्ते दिसले, आठ-दहा, पाण्यावरच्या तवंगासारखे. बहुतेक रस्ते निहारकडे जात होते. एकच माझ्याकडे येत होता, आणि तो कशावर अवलंबून होता ते मला स्पष्ट दिसलं. डावीकडच्या सागावर वानरं होती. ती ओरडली तर पिल्लू दचकून उजवीकडे पळणार. मी एक वाळकं पान तुडवलं, फक्त एक. वानरं ओरडली. पिल्लू उडी मारून माझ्या पुढ्यातून धावलं आणि मी त्याच्या मागे अशी सुटले, अशी सुटले की खुर्चीतून कधी उठले ते मला कळलं नाही. पिल्लू तळात शिरलं तेव्हा मी उभी होते, आईने माझा खांदा धरला होता आणि ती विचारत होती, झालं का गं, आपलं का गं ते?

आपलंच.

मी किती वेळ हसत होते कोण जाणे. घसा कोरडा पडला होता आणि घरात प्यायला थेंब नव्हता. शेजारच्या खिडकीतून काकूंनी तांब्याभर पाणी दिलं, ते आम्ही तिघांनी वाटून प्यायलं.

अर्ध्या तासाने सायली मॅडमचा फोन आला. जागा माझी झाली होती. मग त्या शास्त्रावर आल्या. मी हीटर कुठला वापरला, त्यांना कॅमेऱ्यात दिसला नाही. मी म्हटलं, ऊन. त्यांनी लगेच पुढचं विचारलं.

"आमच्याकडे वीस अंशांच्या हॉलमध्ये हे मशीन किती चालेल?"

"चालेल, मॅडम. पण दीडशे वॅटचा हीटर लावून. मग ते बाकीच्यांसारखंच होईल."

मागे पत्र्यावर काहीतरी वाजलं. बाबा पेटी स्टँडवरून सोडवत होते. आतला कापूस नीट दाबून, कोपऱ्यांना चिंध्या लावून, सुतळीने बांधायच्या तयारीत. पुण्याला जायचं म्हणून. कड्यांना हात घालून त्यांनी पेटी उचलून पाहिली, वजन सहज पेलतं का ते बघितलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की या कड्या कशासाठी होत्या. निवड होण्याच्या दोन महिने आधी, एकच प्रश्न विचारून झाल्यावर, त्यांनी मला नेता यावी अशी पेटी केली होती. हाताला कापू नये म्हणून कडा दुमडून.

 मी फोन स्पीकरवर टाकून बाबांजवळ ठेवला. सायली मॅडम विचार करत करत बोलत होत्या. मोठी स्पर्धा पुढच्या एप्रिल-मेमध्ये आहे. प्रत्येकाने कुठून खेळायचं याचा नियमात उल्लेख नाही. पाचही मशीनना अठ्ठावन्नची चिप लावली, पाचही पेट्या अशाच केल्या, तर दुसऱ्या कुठल्याही संघाला आपल्याजवळ फिरकता येणार नाही.

"प्रांजली, तू इकडे येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये आम्हीच तिकडे येतो. चार पेट्या आणखी होतील का? आणि पोरांना उन्हाची सवय नाही गं, कूलर वगैरे आहे ना तुमच्याकडे?"

बाबांनी सुतळी खाली ठेवली. चाळीस वर्षं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच आवाजात ते फोनकडे वाकून म्हणाले,

"कूलर पायजे तेवढे हायेत, मॅडम. पन सांगून ठेवतो, थे आमी मशीनले नाई लावत. मानसाईले लावतो."

फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हटलं, आता कुठे न्यायची नाही पेटी, त्या कड्या काढून टाका. ते तोवर पेटी उचलून परत खिडकीपाशी निघाले होते.

"राहू दे," ते म्हणाले. "धराले बऱ्या हायेत. तू तिकून धर."

मी दुसरी कडी धरली.